मोजायच्या घरचं पाणी

मुंबईहून परतल्यावर लोक विचारतात, काय काय पाहिलं? समुद्र, नटनट्या, उंच इमारती, यांतलं काहीतरी मी सांगावं अशी त्यांची अपेक्षा असते. मी सांगते, भिंती पाहिल्या. समोरचा हसतो. हसू दे बापड्याला. टिचकी मारली की भिंतीत वीट आहे की प्लायवूड हे आता मला कळतं, त्याला कळत नाही.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान नगरपंचायतीत कर निरीक्षक आहे. म्हणजे घराचं मोजमाप घ्यायचं, ते कशाचं बांधलंय आणि कशासाठी वापरतात ते बघायचं, आणि त्यावरून त्याला किती घरपट्टी बसावी ते ठरवायचं. या नोकरीत केस पांढरे झाले, पण हे काम मला कुणी रीतसर शिकवलं नव्हतं. आधीच्या साहेबांमागून टेपचं टोक धरून हिंडले, तेवढंच शिक्षण. यंदा मात्र नवा दंडक आला. मूल्यांकनावर सही करायची तर आधी प्रशिक्षण, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र. आणि प्रमाणपत्र मिळालं म्हणून सुटका नाही. ते चालू ठेवायचं तर दर वर्षी ठरावीक तास पुन्हा वर्गात येऊन बसायचं.

मी भरपूर कुरकुर केली. या वयात परीक्षा म्हणजे म्हातारपणी बाशिंग, असंही म्हणून पाहिलं. आमचे मुख्याधिकारी वयाने माझ्या पुतण्याएवढे. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, गावाची फेरआकारणी तोंडावर आलीय. तुम्ही पास झालात तर तुम्ही करा. नाहीतर मला बाहेरच्या एजन्सीला द्यावी लागेल."

एजन्सी म्हटल्यावर माझं पित्त खवळलं. शेजारच्या एका गावात अशी एजन्सी येऊन गेली होती. त्यांनी रस्त्यावरूनच फोटो काढले आणि गोठ्यांना गोदाम म्हणून पट्टी लावली. आत म्हशी बांधलेल्या होत्या, तरी. आमच्या गावाचं असं होऊ द्यायचं नाही, गाव मोजायचं तर ते ओळखणाऱ्यानेच मोजायचं, असं ठरवून मी बॅग भरली.

अंधेरी

प्रशिक्षण अंधेरीच्या एमआयडीसीत होतं. मी मुलुंडला माझ्या मावसबहिणीकडे, उज्ज्वलाकडे उतरले होते. तिथून घाटकोपर, आणि घाटकोपरहून मेट्रो. ही मेट्रो मला फार आवडली. ती लोकांच्या गच्च्यांच्या उंचीवरून जाते, त्यामुळे आमच्या धंद्यातल्या माणसाला नुसती मेजवानी. असल्फ्याच्या टेकडीवर एकावर एक चढलेली रंगीत घरं दिसली आणि मी नकळत मजले मोजायला लागले. कुठल्या गच्चीवर पत्र्याची खोली काढलीय, कुठली गॅलरी आत घेतलीय, सगळं उघड्यावर. आमच्याकडे हे बघायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं.

वर्गात दोन प्रकारची माणसं होती. एक माझ्यासारखी, गावोगावहून आलेली, पहिल्यांदा परीक्षेला बसणारी. त्यांत आमच्या पलीकडच्या तालुक्यातले जाधव म्हणून एक निरीक्षक होते. ते मागच्या बाकावर बसत आणि दुपारी डुलकी काढत. दुसरी माणसं मुंबईचीच, ज्यांच्याकडे प्रमाणपत्र आधीपासून आहे आणि जी आपले वर्षाचे तास भरायला आलेली. त्यांतले एक, गुरुनाथ परब, माझ्या शेजारी बसले. उपनगरातल्याच एका कार्यालयात नोकरी, निवृत्ती जवळ आलेली, आणि खिशाला दोन पेन्सिली.

"काय मॅडम, पहिल्यांदा काय?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्ही?"

"आपलं दर वर्षाचं आहे. तास नाय भरले तर सही बंद. मग वाट लागली ना!"

मला वाटलं, हे गृहस्थ आठवडाभर मोबाईल बघत बसणार. आमच्याकडे प्रशिक्षण म्हणजे हजेरी, चहा आणि जेवणानंतर पळ. पण परब पहिल्या मिनिटापासून लिहीत होते. मी विचारलं, "इतकी वर्षं काम केलंत, अजून काय लिहिता?" ते म्हणाले, "अहो, दर वर्षी नवीन लफडं असतं. मागे मोबाईलचे टॉवर आले, ते कुठे धरायचे कोणाला ठाऊक नव्हतं. आता लोकं राहत्या घरात किचन लावून डबे विकतात. ते घर धरायचं की धंदा? शिकल्याशिवाय कसं चालेल?" मला त्यांचं कौतुक वाटलं आणि माझी कुरकुर थोडी कमी झाली.

शिकवायला देशमाने सर होते. स्वतः अनेक वर्षं हेच काम केलेले, आवाज हळू, पण चूक दिसली की भुवई अशी चढायची की वर्ग गप्प. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं की आपण घराची किंमत ठरवतो, घरातल्या माणसाची नाही. मग जागा कुठली, बांधकाम कसलं, वय किती, वापर काय, हे सगळं एकेक करून समजावलं. मुंबईत घराच्या भांडवली किमतीवर कर बसतो, आमच्याकडे त्याचं भाडं किती येईल यावर. पण भिंत ती भिंतच. खरं तर त्या एका दिवसात मला जेवढं कळलं तेवढं आधी कधी कळलं नव्हतं.

वाजलं ते तिसऱ्या तासाला. विषय होता कामातली सचोटी, आणि सर म्हणाले, "ज्या घराचं मोजमाप घ्यायचं, त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही."

मी हात वर केला. "सर, हे आमच्याकडे जमायचं नाही. गावात पाणी नको म्हणणं म्हणजे तुमच्या हातचं चालत नाही म्हणणं. त्याचा अर्थ काय होतो, तुम्हाला माहीत आहे."

सरांची भुवई चढली नाही. ते म्हणाले, "माहीत आहे. म्हणून तर आधी बोलायचं. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून सांगायचं की मी मोजायला आलेय, आज तुमच्याकडे काही घेणार नाही, राग मानू नका. पाणी समोर येण्याच्या आधी सांगितलं तर तो नियम असतो. आल्यावर सांगितलं तर अपमान."

परबांनी पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढून मला दाखवली. "इथे सगळे आणतात. लोकांना पण आता सवय झालीय. कुणी वाईट वाटून घेत नाय."

"आणि चुकून प्यायलं तर?" मागून जाधवांनी विचारलं. डुलकीतून जागे झाले होते बहुतेक.

"तर तसं सांगायचं आणि ते घर दुसऱ्याला द्यायचं," सर म्हणाले. "त्यात गुन्हा काही नाही. फक्त ते घर आता तुमचं नाही."

मुलुंड

उज्ज्वलाला मी हे सगळं रात्री जेवताना सांगितलं. तिने डाळिंब्यांची उसळ केली होती. ती म्हणाली, "बरं झालं बाई, तू माझं घर मोजायला नाही आलीस. उसळीची तीन वाढपं झाली तुझी. काय स्वस्तात लावून गेली असतीस गं!"

तिच्या सोसायटीची त्याच दिवशी मीटिंग होती, तिथेही ती मला खाली घेऊन गेली. विषय घरपट्टीच्या बिलाचा. मी कोपऱ्यात बसले, आणि जे ऐकलं त्याने थक्क झाले. आमच्याकडे घरपट्टीचं बिल आलं की ते कॅलेंडरच्या मागे खोचतात, आणि पुढचं बिल आलं की आधीचं काढतात. वाचत कुणी नाही. इथे सहाव्या मजल्यावरचे एक काका चष्मा कपाळावर सरकवून विचारत होते की गच्चीखालच्या मजल्याला वेगळा भाव का नाही. एक बाई कामावरून थेट आलेल्या, हातात लॅपटॉपची बॅग तशीच. त्या म्हणाल्या, "माझ्या घरात चटई टाकायला जेवढी जागा आहे तेवढीच मोजा ना, भिंतीची जाडी कशाला धरता?" चटईक्षेत्र या शब्दाचा अर्थ इतक्या सोप्या शब्दांत मला कुठल्या साहेबाने कधी सांगितला नव्हता. भांडत होते सगळे, पण माहितीनिशी भांडत होते. मला हेवा वाटला. असे करदाते मिळाले तर निरीक्षकाला रोज अभ्यास करूनच यावं लागेल. म्हणूनच परब दर वर्षी पेन्सिली घेऊन येतात.

देवनार आणि घाटकोपर

एक दिवस सरांनी वर्गाला देवनारला नेलं. कचऱ्याचा डोंगर लांबूनही दिसतो आणि त्याआधी वास येतो. मी पदर नाकाला लावला आणि लगेच काढला, कारण समोरच्या घरातली बाई दारात उभी राहून माझ्याकडेच बघत होती. तिचं घर एका खोलीचं, वर अर्धा माळा, पण फरशी अशी लख्ख की चपलांची लाज वाटावी. परबांनी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, "मावशी, आज नुसतं बघणार, चहापाणी काय नको हां." ती म्हणाली, "ठीक आहे. पण सगळं मोजताय तर हा वास पण मोजा की! आमी काय फुकट घेतो काय तो?"

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी तिला तिथेच उभं राहून समजावलं की जागेचा भाव ठरतानाच आजूबाजूला काय आहे ते धरलेलं असतं, म्हणून तिच्या खोलीचा भाव अंधेरीसारखा नसतो. तिने दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा सांगितलं. आमच्याकडे एवढा वेळ कुणी कुणाला देत नाही, मीही देत नाही. ते मी त्या दिवशी शिकले.

परतताना परबांनी घाटकोपरला घरी जेवायला नेलं. त्यांचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर सगळं कुटुंब इकडे आलं. आई अजून आहेत, आणि स्वयंपाकघर अजून त्यांच्याच ताब्यात. आमच्या भागात मासा म्हणजे नदीचा, तोही कधीमधी. इथे माझ्या ताटात बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांचं सुकं आणि वर सोलकढी. तिसऱ्या कशा खायच्या ते मला कळेना. शिंपलीसकट तोंडात घातली आणि दात आपटले. परबांची बायको हसून हसून बेजार. त्यांच्या आईंनी शिंपली उघडून कशी चोखायची ते स्वतः करून दाखवलं.

"खा गो बाय, लाजा नको," त्या म्हणाल्या. "हंय कोण मोजूक येवचो नाय."

इतकी सोलकढी मी आयुष्यात प्यायले नव्हते. आमच्या ताकाला मी नावं ठेवत नाही, पण सोलकढी ती सोलकढी.

मढ

मढला जवळच्या वाटेने जायचं तर वर्सोव्याच्या धक्क्यावरून होडीने खाडी ओलांडावी लागते. मोटारसायकली, कोंबड्या, शाळेची मुलं, सगळे एकाच होडीत. पलीकडे उतरलं की मुंबई संपल्यासारखी वाटते. कोळीवाड्यात बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, थोडं पुढे चर्च, त्याच्यापुढे मोठाले बंगले, जे सिनेमावाले आणि मालिकावाले भाड्याने घेतात.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्हाला सरावासाठी एक बंगला दिला. बंगल्याला लागून एक कौलारू इमारत, तिच्यावर निळा-तांबडा फलक, 'पोलीस ठाणे'. पायरीवर खाकीतला एक माणूस विडी ओढत बसलेला. मी झटक्यात लिहिलं, सरकारी वापर, करमाफ. जाधवांनी माझं बघून तेच लिहिलं.

सरांनी कागद वाचला आणि म्हणाले, "ताई, आत जाऊन तुमची पिशवी हरवल्याची तक्रार नोंदवून या."

मी गेले. दार उघडलं तर समोर नारळाचं झाड, आणि एक बकरी. ठाण्याला मागची बाजूच नव्हती. भिंतीवर टिचकी मारली तर डब्यासारखा आवाज आला. खाकीतला माणूस म्हणाला, "मॅडम, शूटिंग सोमवारला आहे. तोपर्यंत चोरी नका करून घेऊ." परब तर पोट धरून खाली बसले. "शासनाचा पैसा वाचवलात तुम्ही! पोलिसांना पट्टी नाय लावली!" मलाही हसू आवरेना. पण आमच्या गावात पोलीस ठाण्याची पाटी असली की मागे पोलीस ठाणंच असतं, माझा काय दोष? सरांनी मग शांतपणे सांगितलं की फळीची भिंत उद्या उतरेल, तिला कर नाही. पण तो बंगला शूटिंगला भाड्याने जातो, म्हणजे तो राहतं घर नाही, आणि ते तुम्ही दोघांनी लिहिलंच नाही. ते ऐकून हसू थांबलं.

दुसऱ्या दिवशी खरी परीक्षा. प्रत्येकाला कोळीवाड्यातलं एक घर. घरमालकांशी आधी बोलणं झालेलं होतं. बाहेरून, आतून मोजायचं, बांधकाम आणि वापर लिहायचा, मूल्य काढायचं आणि दुपारच्या होडीच्या आत कागद द्यायचा. सर किंवा त्यांचे सहकारी मागून फिरत, बोलत नसत. मला सारखं आमचं गाव दिसत होतं, आणि त्याच्या रस्त्यावर फोटो काढत फिरणारी एजन्सी.

घाबरल्यामुळे मी एक चूक केली. घराच्या दाराशी न जाता सरळ मागच्या बाजूने मोजायला सुरुवात केली, कारण तिकडे वाळवणाचं अंगण होतं आणि ते धरायचं की नाही हेच माझ्या डोक्यात घोळत होतं. अंगण झालं, पडवी झाली, मागच्या दारातून आत गेले, आणि समोर घरच्या मावशी स्टीलच्या ताटलीत पाण्याचा पेला घेऊन उभ्या. पिवळं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. पाहुणे येणार म्हणून तयार झाल्या होत्या.

"घे गो बाय," त्या म्हणाल्या, "उन्हान कवरी फिरतेस."

मी म्हटलं, "मावशी, आज नको. मोजायला आलेय ना, नियम आहे."

त्यांचा हात तसाच राहिला. चेहरा मात्र बदलला. "आमचे हातचा पानी चालत नाय काय तुला?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. हळूच विचारलं, आणि तेच लागलं.

वर्गात मीच हात वर करून हे सांगितलं होतं. सरांनी त्यावर उपायही सांगितला होता, आणि तो मी उंबऱ्यावर विसरले होते. आता नियमाचं कुठलंही वाक्य त्या माउलीला खोटंच वाटलं असतं. मला वाटलं असतं तिच्या जागी. मी पेला घेतला आणि सगळं पाणी प्यायले. सर पडवीत उभे होते. त्यांनी पाहिलं.

पेला परत दिला, मावशींच्या पाया पडले, आणि बाहेर येऊन म्हणाले, "सर, मी या घरी पाणी प्यायले. हे घर आता मला नको. दुसरं द्या."

"वेळ वाढवून मिळणार नाही," सर म्हणाले.

"कळलं."

त्यांनी गल्लीच्या टोकाचं एक घर दाखवलं. यावेळी मी आधी पुढच्या उंबऱ्यासमोर उभी राहिले, श्वास घेतला, आणि ते वाक्य स्पष्ट म्हटलं. आतून एक तरुण सून कडेवर बाळ घेऊन आली. म्हणाली, "बरं मग, सगळं झालं की या प्यायला." इतकं सोपं होतं ते! मी टेप काढला आणि धावले. माळा राहिला मोजायचा. शिडी होती, वेळ नव्हता. माळ्याच्या जागी 'पाहिला, मोजला नाही' असं लिहिलं आणि कागद दिला. होडीत बसल्यावर मला रडू आलं. तास भरायला सोबत आलेल्या परबांनी शेजारून रुमाल पुढे केला. त्याला बोंबलाचा वास येत होता.

पुन्हा अंधेरी

दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा. सरांनी विचारलं, "पहिल्या घरी पाणी का प्यायलात?"

मी म्हटलं, "मी उंबऱ्यावर बोलायला विसरले. ती माझी चूक. पण पाणी समोर आल्यावर नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही, सर. पुन्हा तसं झालं तरी रेटणार नाही."

"आणि घर का सोडलंत?"

"त्या मावशी मला आवडल्या होत्या. पडवी मी कमीच धरली असती."

सरांनी काहीतरी लिहिलं आणि मला बाहेर जायला सांगितलं.

मी पास झाले. माळ्याचे गुण गेले, पण पास झाले. परबांनी "झकास!" म्हणून एवढ्या जोरात टाळी दिली की हात झोंबला. जाधवही पास झाले. डुलक्या काढून कसे, देव जाणे. संध्याकाळी प्रमाणपत्रं दिली. देताना सर प्रत्येकाला विचारत होते, "परत गेल्यावर पहिलं काम कुठलं?" कुणी सांगितलं बाजारपेठ, कुणी सांगितलं नवी वसाहत. माझी पाळी आली. मी तोंड उघडलं, 'आमचं गाव' म्हणायला, आणि तिथेच थांबले.

कारण मी डोळ्यांसमोर आमची गल्ली आणली. पहिलं घर शेजारच्या तात्यांचं. तिथे मी अर्धं बालपण काढलंय. दुसरं माझ्या मैत्रिणीचं. तिच्या बाळंतपणात मी तिथे राहिलेय. तिसऱ्या घरचा दिवाळीचा चिवडा दर वर्षी खाते, आणि चौथ्या घराशी माझं बोलणं बंद आहे. त्यांची पडवी मी नक्कीच वाढवून धरली असती. मी पाणी प्यायले नाही असं एक घर आमच्या गावात नाही.

"आमचं गाव नाही, सर," मी म्हणाले. "ते मला मोजता यायचं नाही."

सर पहिल्यांदाच हसले. मला मात्र हसू येत नव्हतं. ज्याच्यासाठी मी इथवर आले होते, तेच काम मी माझ्या तोंडाने सोडून दिलं होतं.

मुख्याधिकाऱ्यांना फोन केला तर ते ओरडलेच. "मग प्रमाणपत्राचा उपयोग काय, मॅडम?" मी म्हटलं, "उपयोग आहे. एजन्सीला देऊ नका. आमच्या वर्गातले जाधव शिकलेत, ते आपलं गाव मोजतील. मी त्यांचं मोजते. त्यांच्या कार्यालयाला चालेल, मी विचारलंय. तुमचा होकार तेवढा हवा." जाधव मागे उभे राहून मान हलवत होते. परब म्हणाले, "मॅडम, तुम्ही आता एकदम मुंबईकर झालात." तो त्यांचा मोठेपणा. मी फक्त त्यांच्याकडून एक गोष्ट शिकले होते, आणि शिकलेलं अंगवळणी पडायला मला पुढच्या वर्षीही तिथे बसावं लागणार आहे. मी जाणार आहे. आनंदाने.

घरी

जाधव मागच्या आठवड्यात आमच्या गावात आले. मी त्या दिवशी मुद्दाम रजा काढून घरी थांबले, आमच्या घराचं मोजमाप नीट बघावं म्हणून. ते फाटकातून येताना दिसले आणि मी सवयीने तांब्या भरून, त्यावर पेला उपडा ठेवून पुढे गेले. ते पायरीच्या खालीच थांबले. हात जोडले.

"ताई, मोजायला आलोय. आज तुमच्याकडे काही घेणार नाही. राग मानू नका."

अगदी बरोबर म्हणाले. शब्दसुद्धा सरांचेच होते. मग त्यांनी भिंतीवर टिचक्या मारल्या, मागची शेड मोजली, जी मी इतकी वर्षं तात्पुरती म्हणून सोडून देत आले होते, आणि तिला पक्कं बांधकाम लिहिलं. तेही बरोबरच होतं. टळटळीत ऊन होतं, त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. ते कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला जाऊन आपल्या बाटलीतलं पाणी प्यायले आणि पुढच्या घराकडे वळले.

माझे यजमान म्हणाले, "चांगला माणूस आहे. काम चोख केलं."

"हो, चोख केलं," मी म्हणाले. आठवडाभर मुंबईत बसून मी हेच शिकून आले होते, हेच मागितलं होतं, आणि जाधवांनी पाणी घेतलं असतं तर मी स्वतः त्यांची तक्रार केली असती. तरी त्या भरल्या तांब्याकडे बघून मला वाईट वाटायचं ते वाटलंच.